सरसाचे भांडे आणि पावसाळा

शाळेतील एखाद्या जुन्या टेबलाची कड नखाने चाचपून पाहा. व्हिनियर, म्हणजे चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा, वरच्या सपाट भागावर घट्ट असतो. कडेची पट्टी मात्र बहुधा सुटलेली असते. सुताराला विचारले तर तो म्हणेल, "पावसानं गेलं." त्याचे हे निदान बरेचसे बरोबर आहे.

इजिप्तमध्ये थीब्ज येथे रेखमिरे या वजीराचे सुमारे इ. स. पूर्व १४५० मधील थडगे आहे. तेथील भित्तिचित्रात सुतार कामात गढलेले दिसतात. जवळच विस्तवावर सरसाचे भांडे आहे. हाच सरस पुढे तीन हजारांहून अधिक वर्षे सुतारकामात टिकला. जनावरांची कातडी व हाडे पाण्यात उकळली की त्यांतील कोलॅजन या प्रथिनाचे जिलेटिन बनते. ते गरम असताना पातळ असते आणि लाकडाच्या छिद्रांत शिरते. निवताच आळते, त्यामुळे पापुद्रा थोड्याच वेळात धरून राहतो. पण उष्णता आणि ओल मिळाली की सरस पुन्हा मऊ होतो. दुरुस्ती करणाऱ्याला हे सोयीचे. कोकणातल्या कपाटाला मात्र घातक! शिवाय ओल्या सरसावर बुरशी येते ती वेगळीच.

पहिल्या महायुद्धात लाकडी विमाने जोडण्यासाठी दुधातील केसीन आणि चुना यांचे मिश्रण वापरले गेले. चुन्यामुळे केसीनचा पाण्यात सहज न विरघळणारा क्षार बनतो, म्हणून ते सरसापेक्षा पाण्याला अधिक दाद देत नाही. ब्रिटिशांचे 'मॉस्किटो' हे विमान २५ नोव्हेंबर १९४० रोजी प्रथम उडाले. बर्च लाकडाच्या प्लायवूडचे दोन थर आणि मध्ये हलके बाल्सा, अशी त्याच्या भिंतीची रचना होती. सुरुवातीला जोडणी केसीनचीच होती. पुढे युरिया-फॉर्माल्डिहाइड आले.

१९४४ च्या अखेरीस भारत-ब्रह्मदेश आघाडीवर काही मॉस्किटो कोसळली. संशय प्रथम केसीनवर गेला: पावसाळी उष्ण हवेत ते निकामी झाले असावे. पाहणीसाठी भारतात आलेल्या कंपनीच्या पथकाने मात्र केसीनला निर्दोष ठरवून लाकडाच्या आकुंचनाकडे बोट दाखवले. त्यानंतरच्या चौकशीत खरा दोष बांधणीचा ठरला; पंखांच्या जोडांत फटी राहिल्या होत्या. वैमानिकांचे प्राण गेल्यावर हे उलगडले.

मला ही हकीकत टेबलाच्या कडेसाठीही महत्त्वाची वाटते. प्लायवूड कापले की काही थरांच्या तंतूंची उघडी टोके कडेवर येतात. ती नळ्यांसारखी चिकटद्रव्य शोषून घेतात आणि पट्टीखाली जवळजवळ काहीच उरत नाही. त्याच वाटेने पुढे ओल आत शिरते. म्हणून जाणता सुतार कड रंध्याने सरळ करतो, पहिला पातळ हात मुरू देतो आणि मगच दुसरा देऊन पट्टी दाबून बसवतो.

१९५९ मध्ये मुंबईत फेव्हिकॉल आले आणि आपल्याकडील सरसाचे भांडे हळूहळू चुलीवरून उतरले. हे पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे पांढरे दुधाळ मिश्रण. त्यातील पाणी लाकडात मुरते व हवेत उडते आणि सूक्ष्म कण एकजीव होतात. तापवण्याची गरज नाही. मात्र याचा साधा प्रकार सततच्या ओलीत टिकत नाही. मोरीजवळच्या फळीला जलरोधक प्रकारच हवा. इस्त्रीने चिकटवण्याच्या तयार पट्ट्या झटपट बसतात, पण त्यांचे चिकटद्रव्य उष्णतेने वितळणारे असते. शेगडीशेजारी त्या लावू नयेत.

वर्गात एक प्रयोग करता येईल. साय काढलेले कोमट दूध व्हिनेगरने नासवा, चोथा गाळून धुवा आणि त्याचे दोन भाग करा. एकात थोडा खाण्याचा सोडा, दुसऱ्यात थोडा खायचा चुना घोटा (चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका). दोन्हींनी लाकडी पट्ट्यांच्या जोड्या चिकटवा. पूर्ण वाळल्यावर त्या पाण्यात बुडवून ठेवा आणि कोणता जोड किती तासांनी सुटतो, याची नोंद मुलांना करू द्या.