विशेषांकाचे जामीनदार

समीक्षाविचाराचा इतिहास सामान्यतः ग्रंथांच्या आधारे लिहिला जातो. अमुक ग्रंथ अमुक साली प्रसिद्ध झाला आणि तेथून अमुक विचारव्यूहाचा आरंभ झाला, अशी त्याची मांडणी असते. त्या ग्रंथापूर्वी पुष्कळदा एखाद्या नियतकालिकाचा विशेषांक निघालेला असतो आणि त्याही आधी तो काढावा असे कोणीतरी कोणाला तरी सुचवलेले असते, ही गोष्ट तळटीपेतही क्वचितच येते. विशेषांकाच्या प्रस्तावाला तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात : विषय कोणता, तो आताच का, आणि लिहिणार कोण. पहिल्या दोहोंवर प्रस्तावक पाने खर्च करतो. निर्णय मात्र पुष्कळदा तिसऱ्यावर होतो. लेखकांची यादी ही विषयाच्या योग्यतेची हमी ठरते. ज्या विषयाला विद्यापीठीय व्यवहारात अद्याप जागा नाही त्याच्या बाबतीत ही हमी कोणी द्यायची, हा केवळ संपादकीय सोयीचा प्रश्न राहत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लेखनाशी निगडित असलेले दोन विशेषांक ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत.

२१ मार्च १९२४ रोजी न्यू यॉर्कच्या सिव्हिक क्लबमध्ये एक भोजनसमारंभ झाला. निमित्त होते जेसी फॉसेट ह्यांच्या ‘देअर इज कन्फ्यूजन’ ह्या कादंबरीचे. आयोजक होते ‘ऑपॉर्च्युनिटी’ मासिकाचे संपादक चार्ल्स एस. जॉन्सन. हॉवर्ड विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे ॲलन लॉक सूत्रधार होते. उपस्थितांत ‘सर्व्हे ग्राफिक’ ह्या सामाजिक प्रश्नांना वाहिलेल्या मासिकाचे संपादक पॉल केलॉगही होते. जमलेल्या तरुण लेखकांचा आविष्कार पाहून त्यांनी आपल्या मासिकाचा एक संपूर्ण अंक देऊ केला आणि लॉक त्याचे अतिथी संपादक झाले. हार्लेमवरील तो अंक मार्च १९२५ मध्ये निघाला. त्याच वर्षी ‘द न्यू निग्रो’ ह्या संग्रहात त्याचा विस्तार झाला. पुढे हार्लेमचे प्रबोधन म्हणून जे ओळखले गेले त्याचा आरंभग्रंथ म्हणून हाच संग्रह अभ्यासक्रमांत स्थिरावला.

येथे प्रस्ताव आला तो घरमालकाकडून. विषय ज्यांचा होता त्यांना पाहुणे म्हणून बोलावण्यात आले. ज्या लेखिकेच्या कादंबरीसाठी मंडळी जमली ती त्या संध्याकाळी बाजूला पडली, आणि ही खंत तिच्या मनात पुढेही राहिली. फॉसेट ह्या ‘क्रायसिस’ मासिकाच्या साहित्य संपादक होत्या. लँगस्टन ह्यूजेस ह्यांच्यासारख्या कवीची आरंभीची कविता त्या मासिकात १९२१ मध्येच येऊन गेली होती. म्हणजे घर नव्हते असे नाही. त्या घरातील अंकाची जी नोंद झाली नाही ती दुसऱ्याच्या घरातील अंकाची झाली, एवढेच.

साठ वर्षांनी चित्र वरवर पाहता पालटलेले दिसते. शिकागो विद्यापीठातून १९७४ पासून निघणाऱ्या ‘क्रिटिकल इन्क्वायरी’ने १९८५ च्या शरद-अंकासाठी हेन्री लुईस गेट्स (ज्युनिअर) ह्यांना अतिथी संपादक नेमले. अंकाचे नाव ‘ “वंश”, लेखन आणि भिन्नता’. ह्याच नियतकालिकाचा १९८१ चा एक अंक एलिझाबेथ एबल ह्यांनी ‘लेखन आणि लैंगिक भिन्नता’ ह्या नावाने संपादित केला होता. नव्या नावात जुन्या नावाचा साचा ओळखू येतो. स्त्रीवादी समीक्षेने उघडलेल्या वाटेने हा विषय आत आला, असे म्हणण्यास त्यामुळे जागा आहे. मात्र खरे विधान अवतरणचिन्हांत होते. वंश ही निसर्गदत्त वस्तू नसून भाषेने घडवलेली भेदरेषा आहे, ही भूमिका संपादकाने शीर्षकातच नोंदवली. अंकातील लेखकांत एडवर्ड सैद, जाक देरिदा, गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक, होमी भाभा, मेरी लुईस प्रॅट, क्वामे अँथनी अप्पिया अशी नावे होती. वसाहतोत्तर समीक्षेचा पुढील काळातील पाठ्यक्रम ह्या एका अनुक्रमणिकेत जवळजवळ तयार मिळतो.

गेट्स ह्यांच्या प्रास्ताविकातील एक प्रसंग ह्या संदर्भात विशेष बोलका आहे. बॉस्टनच्या व्हीटली कुटुंबात गुलाम असलेल्या फिलिस व्हीटली हिचा कवितासंग्रह १७७३ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. ह्या कविता खरोखर तिच्याच आहेत, असे प्रमाणपत्र त्याला जोडलेले होते आणि त्याखाली गव्हर्नर हचिन्सन ह्यांच्यासह बॉस्टनमधील अठरा प्रतिष्ठितांची नावे होती. हे अठराजण एका दालनात बसून तिची परीक्षा घेत आहेत, असे दृश्य गेट्स रंगवतात. अशी एकत्र बैठक खरोखर झाली काय, ह्याविषयी नंतरच्या संशोधनाने सबळ शंका घेतली आहे. प्रमाणपत्र मात्र कल्पित नव्हे. गेट्स हा प्रसंग अठराव्या शतकाचा दोष म्हणून सांगतात. त्यांच्या स्वतःच्या अंकालाही सैद-देरिदा ह्यांच्या नावांची अशीच हमी होती, हे वाचकाच्या मनात आल्याखेरीज राहत नाही. ही तुलना अन्यायाची वाटेल. ती सर्वस्वी चुकीची म्हणता येत नाही.

१९८६ च्या शरद-अंकात ह्या विशेषांकावरील प्रतिक्रिया आल्या, आणि त्यांतच त्याचे खरे मोल आहे. देरिदांचा लेख मुळात १९८३ मध्ये पॅरिसला भरलेल्या वर्णविद्वेषविरोधी कलाप्रदर्शनाच्या पुस्तिकेसाठी लिहिलेला होता. ॲन मॅक्लिंटॉक आणि रॉब निक्सन ह्या दोन तरुण अभ्यासकांनी आक्षेप घेतला की, ‘अपार्थाइड’ ह्या शब्दाचा विचार करताना देरिदांनी त्याला इतिहासापासून तोडले आहे. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यकर्त्यांनी तो शब्द मागे टाकून ‘विभक्त विकास’ असे नवे शब्द केव्हाच पुढे आणले होते. देरिदांनी उत्तर दिले, आणि ते चांगलेच तिखट होते : आपला लेख म्हणजे आवाहन होते, इतिहासग्रंथ नव्हे. तोडोरोव्ह ह्यांना अवतरणचिन्हेच खटकली. ह्यूस्टन बेकर ह्यांचा आक्षेप मात्र मुळाशी जाणारा होता. अप्पियांनी ड्यू बॉइस ह्यांच्या विचाराची चिकित्सा करून वंशकल्पनेला जीवशास्त्रीय आधार नाही असे दाखवले होते. त्वचा, केस, अस्थी ह्या ढोबळ खुणा शास्त्राने बाद केल्या तरी व्यवहारात त्या बाद होत नाहीत, असे बेकर म्हणतात; आणि हा सारा अंक प्रॉस्परोच्याच भाषेत बोलतो, कॅलिबनच्या नव्हे, असेही सुचवतात. हे सर्व आक्षेप संपादकाने त्याच वर्षीच्या ग्रंथरूपात कायम ठेवले. ग्रंथ करताना प्रतिवाद गाळण्याचा मोह आवरणारे संपादक विरळा.

ह्याच काळात विषयाची स्वतःची नियतकालिकेही होती. १९६७ मध्ये सुरू झालेले ‘निग्रो अमेरिकन लिटरेचर फोरम’ १९७६ मध्ये ‘ब्लॅक अमेरिकन’ आणि १९९२ मध्ये ‘आफ्रिकन अमेरिकन रिव्ह्यू’ झाले. नामांतरांच्या ह्या मालिकेत वादाचा जो इतिहास आहे तो अवतरणचिन्हांत मावत नाही.

मराठीला हा प्रश्न परका नाही. ‘मराठवाडा’च्या १९६९ च्या दिवाळी अंकात दलित साहित्यावर चर्चा झाली. तिच्यातील एक प्रमुख भाष्यकार म. ना. वानखेडे अमेरिकेत अध्ययन करून आले होते आणि निग्रो साहित्याचा दाखला ते जाणीवपूर्वक देत. १९७२ मध्ये दलित पँथरने नावच तिकडून घेतले. २५ नोव्हेंबर १९७३ रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या साप्ताहिक पुरवणीने दिलीप पाडगावकर ह्यांच्या संपादनाखाली इंग्रजीत दलित साहित्याचा अंक काढला, आणि मराठीबाहेरच्या वाचकाला हे साहित्य ठाऊक झाले ते बहुतांशी त्यामुळे. परभाषेतील अभ्यासक आजही तो अंक आधी उद्धृत करतो. औरंगाबादेत त्यापूर्वीच ‘अस्मितादर्श’ सुरू झाले होते. गंगाधर पानतावणे ते त्रैमासिक चालवत होते आणि नवे कवी, नवे आत्मचरित्रकार आपली हस्तलिखिते तेथे पाठवत होते. तेथे पोचण्यासाठी त्यांना कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नव्हती.