गर्भवतीचे झटके रोखणारे मॅग्नेशियम सल्फेट

गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाऊ लागली, की मातेला झटके येण्याचा धोका निर्माण होतो. या झटक्यांना वैद्यकशास्त्रात एक्लॅम्प्शिया म्हणतात. ते रोखण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट या खनिज क्षाराचे इंजेक्शन दिले जाते. ३३ देशांतील सुमारे १० हजार महिलांवरील ‘मॅगपाय’ चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक घटल्याचे त्यात आढळले.

वैनगंगेकाठच्या आरमोरी तालुक्यासारख्या वनव्याप्त भागात पहिला डोस निर्णायक ठरतो. कारण मोठ्या रुग्णालयाच्या वाटेवरच झटका येऊ शकतो. म्हणूनच केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रशिक्षित परिचारिका रुग्णाला पुढे पाठविण्यापूर्वी दोन्ही नितंबांत प्रत्येकी ५ ग्रॅम औषध खोलवर टोचू शकते.

मात्र हे औषध लघवीवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडाचे काम मंदावल्यास ते शरीरात साचून श्वसन थांबण्याची भीती असते. त्यामुळे पुढील प्रत्येक डोसपूर्वी तीन गोष्टी तपासाव्या लागतात :

- श्वसन मिनिटाला किमान १६ वेळा.
- लघवी तासाला किमान ३० मिलिलिटर.
- गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया कायम.

उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी असावे. मायस्थेनिया हा स्नायूंचा विकार असल्यास हे औषध टाळतात. रक्तदाबासाठी वेगळी औषधे द्यावी लागतात.

तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, पोटाच्या वरच्या भागात दुखणे ही धोक्याची लक्षणे होत. रुग्णाला हलविताना पहिल्या डोसची वेळ व मात्रा चिठ्ठीवर लिहून घ्यावी. अन्यथा पुढे दुबार मात्रा दिली जाण्याचा धोका संभवतो.