मळवलीचा दगड ते पिंपरीचा मॉनिटर

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात आज रॉ फुटेजवर काम करणारे संकलक आणि कलरिस्ट भरपूर आहेत. लग्नाच्या फिल्म, कारखान्यांचे माहितीपट, लघुपट असे सगळे त्यांच्या हाताखालून जाते. ‘डीआय झालं का?’, म्हणजे संगणकावर रंग बसवून झाले का, हा प्रश्न आता निर्मात्याइतक्याच सहजपणे नवरदेवाचा भाऊही विचारतो. चित्रीकरणानंतर वेगळ्या खोलीत बसून चित्राचा रंग ठरवायचा, ही रीत संगणकाने आणली असे बहुतेकांना वाटते. तिचा एक जुना पत्ता मात्र याच लोहमार्गावर आहे. पिंपरीहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल देहूरोड, तळेगाव, कामशेत मागे टाकून मळवलीला थांबते. आपण तिथूनच सुरुवात करू.

राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला आला. तैलचित्राची छापील प्रत काढायची तर कारागिराला आधी ते चित्र रंगांमध्ये फोडावे लागे. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. एकावर फक्त पिवळा कुठे कुठे येईल ते उतरवायचे, दुसऱ्यावर तांबडा, तिसऱ्यावर निळा, आणि सगळे ठसे एकाच कागदावर केसभरही न सरकता बसवायचे. लक्ष्मीच्या साडीचा लाल किती गडद उमटणार, हे मूळ चित्रकाराइतकेच दगडापाशी बसलेल्या माणसावर अवलंबून असे. त्या छापाच्या तसबिरी घरोघरच्या देवघरांत लागल्या. रविवर्म्यांचे नाव सर्वतोमुखी झाले, दगडावर रंग फोडणाऱ्या बहुतेक हातांची नावे मात्र मागे राहिली नाहीत. या छापखान्यासाठी काम करणारा एक माणूस तेवढा इतिहासात गेला. लोणावळ्यात स्वतःचा ब्लॉक आणि छपाईचा कारखाना काढणारे धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके. दादासाहेब सिनेमाकडे आले ते फोटोग्राफी आणि छपाई यांच्या वाटेने, हे आपण सहसा विसरतो. चित्र एकदा घेतले जाते आणि नंतर पुन्हा घडवले जाते, हे त्यांना कॅमेरा फिरवण्याआधीच ठाऊक होते.

१९१२ मध्ये फाळके लंडनला गेले. येताना त्यांनी विल्यमसन कॅमेरा आणि फितीला भोके पाडायचे यंत्र घेतले. कच्ची फिल्मही तिकडूनच मागवली. ती फीत भोके न पाडलेली येई. अंधारात बसून तिला भोके पाडणे, रसायने कालवणे, फीत धुणे ही कामे सरस्वतीबाई फाळके करीत. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्यामागे ही घरातली रसायनशाळा होती. त्या काळच्या फितीला तांबडा रंग जवळजवळ दिसत नसे. लाल वस्त्र काळे उमटे, निळे आकाश पांढरेफटक. त्यामुळे पात्रांच्या कपड्यांचा आणि चेहऱ्यावरच्या रंगाचा विचार फितीच्या डोळ्याने करावा लागे. फाळक्यांनी तळेगावच्या काचकारखान्यावरही एक लघुपट केला. आज चाकणच्या कारखान्यांत कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांनी आपला पूर्वसुरी म्हणून तो लक्षात ठेवावा. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या त्यांच्या पटात तर ते स्वतःच फीत धुताना, तपासताना आणि जोडताना दिसतात.

पुढचे पाऊल कोल्हापुरात पडले, आणि तेही चित्रकारांच्या हातून. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यांच्या तालमीतले व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्ण्यांच्या साथीने १ जून १९२९ रोजी ‘प्रभात’ स्थापली. याच मंडळींनी १९३३ मध्ये पुन्हा ‘सैरंध्री’ केला, तो रंगीत. त्याच्या रंगीत प्रती काढायला शांताराम जर्मनीला गेले. रंग भडक आणि विसंगत आले, पडद्यावर त्यांची जादू चालली नाही. मला हे अपयश या सगळ्या प्रवासातले सर्वांत बोलके वाटते. चित्रकारांनीच काढलेल्या कंपनीचे चित्र, पण रंगाचा शेवटचा हात हजारो मैलांवरच्या प्रयोगशाळेचा. मळवलीच्या कारागिराजवळ दगड होता आणि समोर मूळ चित्र होते. शांतारामांजवळ यातले काहीच उरले नव्हते.

प्रभात पुण्यात आली आणि कृष्णधवल चित्रांवरच थांबली. १९३६ चा ‘संत तुकाराम’ आठवून पाहा. चिंचवडपासून हाकेच्या अंतरावरचे देहू, इंद्रायणीचा काठ आणि विष्णुपंत पागनीसांचा चेहरा, सगळे राखाडी छटांत. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या निवडक चित्रांत त्याची गणना झाली. काळ्यापांढऱ्या प्रतीलाही प्रयोगशाळेत प्रकाश मोजून द्यावा लागतो. प्रत्येक दृश्याच्या निगेटिव्हमधून किती उजेड सोडायचा, हे ठरवणारा माणूस तेव्हाही होताच.

शांतारामांनी रंगाचा नाद सोडला नाही. १९५५ मध्ये ‘झनक झनक पायल बाजे’ टेक्निकलरमध्ये आला, १९७२ मध्ये रंगीत ‘पिंजरा’. तोवर मुंबईच्या प्रयोगशाळांत ग्रेडर नावाचा माणूस बसू लागला होता. निगेटिव्ह उलट्या रंगांची असते, ती पाहून खरा रंग मनात उभा करायचा आणि तांबडा, हिरवा, निळा या तीन दिव्यांना प्रत्येकी १ ते ५० पैकी एक आकडा द्यायचा. एका शॉटला तीन आकडे, एवढीच त्याची भाषा. आकाश तेवढे गडद कर आणि चेहरा तसाच ठेव, असे त्याला सांगून उपयोग नव्हता, कारण दिवा अख्ख्या चौकटीवर पडे. संकलकही मूळ निगेटिव्हला हात लावत नसे. तो कामाच्या प्रतीवर कापाकाप करी, आणि शेवटी फितीच्या कडेला छापलेले क्रमांक जुळवून निगेटिव्ह कापली जाई. आजचा संकलक हलक्या प्रतीवर, म्हणजे प्रॉक्सीवर, काम करून टाइमकोडच्या आधारे पुन्हा रॉ फाइलकडे जातो, तो याच शिस्तीचा वारस आहे.

या शिस्तीला तडा देणारा शोध कोडॅक कंपनीतच लागला. तिथल्या ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये एका जाळीचे पेटंट मिळाले. फितीऐवजी बसवायच्या संवेदकाच्या प्रत्येक बिंदूवर एकाच रंगाचा गाळणा, त्यातले निम्मे हिरवे, पाव तांबडे, पाव निळे. मळवलीत कारागीर जे दगडांवर करीत होते ते आता जाळी करू लागली, म्हणजे रंग फोडून वेगवेगळे नोंदवणे. हे फोडलेले आकडे तसेच साठवले की ती रॉ फाइल. २००० मध्ये ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या चित्रपटाची फीत स्कॅन करून मिसिसिपीची हिरवी झाडी संगणकावर वाळक्या पिवळ्या रंगात नेली गेली, आणि अख्खा चित्रपट असा रंगवता येतो हे हॉलिवूडला पटले. २००७ मध्ये रेड वन कॅमेरा आला, २०१० मध्ये अलेक्सा. फ्लोरिडातली दा विंची ही ग्रेडिंगची महागडी यंत्रे बनवणारी कंपनी २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिकने घेतली, आणि पुढच्या दोनेक वर्षांत तिच्या रिझॉल्व्ह या ग्रेडिंग सॉफ्टवेअरची एक आवृत्ती फुकट मिळू लागली. २०१२ मध्ये त्याच कंपनीने २,९९५ डॉलरचा रॉ कॅमेरा जाहीर केला. माझ्या मते पिंपरीतल्या मुलाच्या हाती हे काम आले ते या दोन घटनांमुळे. एरवी ते मुंबईच्या चार वातानुकूलित खोल्यांतच राहिले असते.

आता चाकणच्या एखाद्या वेल्डिंग शॉपमधला शॉट मॉनिटरवर घेऊ. छतातून आलेला दिवसाचा उजेड, खाली एलईडी, मध्ये नारिंगी रोबो आणि निळ्या गणवेशातला कामगार. लॉगमधले चित्र प्रथम फिके, राखाडी दिसते. रॉ असल्यामुळे पांढऱ्याचा समतोल आता, टेबलापाशी ठरवता येतो. कलरिस्ट आधी उजेडाची पातळी दाखवणाऱ्या वेव्हफॉर्मवर काळे आणि पांढरे बसवतो, मग रंगछटा दाखवणाऱ्या व्हेक्टरस्कोपवर कामगाराचा चेहरा पाहतो. गोऱ्यापासून सावळ्यापर्यंत बहुतेक माणसांची त्वचा तिथे जवळजवळ एकाच रेषेवर येते. मग कंपनीचा निळा वेगळा निवडून, चेहऱ्याला धक्का न लावता, हवा तिथे आणतो. हळदीच्या शॉटमध्ये हीच कसोटी उलट बाजूने लागते, कारण पिवळा आणि त्वचा एकमेकांत मिसळलेले असतात. रॉला मर्यादाही आहेत. वेल्डिंगच्या ठिणगीत संवेदक भरून गेला की तिथला तपशील कोणी परत आणू शकत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून २४ फ्रेमला शटर १७२.८ अंशांवर ठेवले नाही तर काही दिव्यांखाली पट्टे धावतात, आणि ते नंतर पुसणे फार जिकिरीचे होते. शिवाय १२ बिटचे, ४०९६ बाय २१६० चे रॉ दाबून लहान केले नाही तर एका फ्रेमला सुमारे १३ एमबी लागतात आणि तासाभराला एक टेराबाइटहून जास्त.

या आकड्यामुळेच पिंपरीत रोज एक नुकसान होते. काम संपले की जागा मोकळी करायला रॉ पुसले जाते आणि ग्राहकाकडे दाबलेली एमपी४ उरते. मूळ गमावले तर काय होते, हे पुण्याने ८ जानेवारी २००३ रोजी पाहिले आहे. प्रभातच्या जुन्या आवारातल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची शेकडो चित्रपटांची नायट्रेट रिळे जळाली, आणि ती मूळ रिळे आता परत येणार नाहीत. तेव्हा कारखान्याची किंवा घरच्या कार्याची फिल्म करून घेणाऱ्यांना विनंती आहे. करारातच निवडक रॉ आणि ग्रेडिंगची प्रोजेक्ट फाइल मागा, त्याचे पैसे द्या, आणि त्या दोन वेगळ्या जागी ठेवा. आणि रंग ज्याने ठरवला त्याचे नाव श्रेयनामावलीत घाला. मळवलीत ते राहून गेले.