एरियान-५ : जुन्या अग्निबाणाची उसनी प्रणाली

१/ ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून युरोपचा ‘एरियान-५’ प्रथमच झेपावला आणि इंजिन पेटल्यापासून सुमारे ४० सेकंदांत आकाशातच त्याचे तुकडे झाले. ‘क्लस्टर’ मोहिमेचे चार उपग्रहही गेले. मित्रहो, इंजिने शेवटपर्यंत ठणठणीत होती. घात केला तो एका सिद्ध, नावाजलेल्या संगणकप्रणालीने.

२/ अग्निबाणाची दिशा व वेग सांगणारे उपकरण ‘एरियान-४’वरून जवळपास जसेच्या तसे घेतले होते. त्यातील एक कार्य उड्डाणापूर्वी उपकरण स्थिर करण्याचे. एरियान-४ मध्ये उलटी गणती अखेरच्या क्षणी थांबली, तर ती लवकर पुन्हा सुरू करता यावी म्हणून हे कार्य उड्डाणानंतरही काही काळ चालू ठेवले जाई. एरियान-५ ला त्याची गरजच नव्हती. तरीही ते चालूच राहिले. चालत्या गाड्याला खीळ कशाला, हाच विचार!

३/ नव्या अग्निबाणाचा मार्ग मात्र निराळा होता. त्याचा आडवा वेग सुमारे पाचपट झपाट्याने वाढे. त्या वेगाशी निगडित ६४ बिटांचा आकडा १६ बिटांच्या जागेत बसवताना ३२,७६७ ची मर्यादा ओलांडली गेली. अशा सात आकड्यांपैकी चारांनाच संरक्षण होते. संगणकावरील भार ८० टक्क्यांच्या आत ठेवण्यासाठी उरलेले तीन तसेच सोडले होते. एरियान-४ पुरता तो हिशेब चुकीचा नव्हता, हे न्यायाने म्हटले पाहिजे.

४/ राखीव उपकरण आधी बंद पडले, मुख्य उपकरण त्यानंतर क्षणार्धात. दोन्हींत प्रणाली एकच. मग राखीव ते कसले? बंद पडताना पाठवलेला दोषसंदेश मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वाचला, नळकांडी पूर्ण वळवली आणि अग्निबाण हवेच्या दाबाने मोडला.

५/ गणितज्ञ झाक-लुई लिओन्स यांच्या चौकशी मंडळाला आढळलेली गोष्ट मला सर्वांत बोचते: उपकरणाच्या आवश्यकतापत्रात एरियान-५ च्या मार्गाची आकडेवारी घातलीच नव्हती. त्यामुळे चाचणीतही ती आली नाही.

६/ उपग्रह पुन्हा बांधले गेले आणि २००० साली बैकानूरहून दोन सोयुझ अग्निबाणांनी अवकाशात नेले.