आईची अडीचची गोळी

वढू बुद्रुकला घरी गेलो की आईच्या औषधांची पिशवी एकदा पाहतो. एका खेपेला तिने रक्तदाबाच्या गोळ्यांचे नवे पाकीट पुढे केले. “आधी पाचाची होती, आता अडीचची. औषध कमी केलं का रं?” पाकिटावर अ‍ॅम्लोडिपिनच्या आधी ‘एस’ हे अक्षर होते. त्या अक्षराचा माग काढताना मी पावणेदोनशे वर्षे मागे गेलो.

काही रेणूंची दोन रूपे असतात. डाव्या-उजव्या तळहातांसारखी, आरशात जुळणारी, पण एकावर एक न बसणारी. दोघांचा उत्कलनबिंदू एकच, विद्राव्यताही एकच. म्हणून नेहमीच्या रीतीने ती वेगळी होत नाहीत. शरीराला मात्र फरक कळतो. अ‍ॅम्लोडिपिनमध्ये रक्तदाब उतरवण्याचे काम मुख्यतः ‘एस’ रूप करते. पाचाच्या गोळीत निम्मे रेणू त्याचे आरशातले भाऊबंद होते.

१८४८ साली लुई पाश्चरने टार्टरिक आम्लाच्या एका क्षाराचे डावे-उजवे स्फटिक चिमट्याने निवडले. १८५३ मध्ये त्याने पुढची युक्ती शोधली: मिश्रणाला एकाच ‘हाताचा’ जोडीदार दिला की तयार होणारे दोन क्षार वेगळे वागतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी याच वाटेने ‘एस’ अ‍ॅम्लोडिपिन वेगळे केले. २००३ साली त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. त्यांचा जोडीदार होता टार्टरिक आम्ल, तेही आमटीतल्या चिंचेत असते त्याच हाताचे.

पण प्रत्येक मिश्रण असे स्फटिकात उतरत नाही. १९०३ मध्ये मिखाईल त्स्वेतने वॉर्सात क्रोमॅटोग्राफी मांडली: भरलेल्या नळीतून द्रावण सोडायचे, जो घटक भरणाला जास्त चिकटतो तो मागे रेंगाळतो. १९८० च्या दशकात जपानच्या योशिओ ओकामोतोंनी सेल्युलोज आणि स्टार्चपासून एकाच हाताचे भरण घडवले आणि आरशातले रेणूही नळीत मागेपुढे होऊ लागले.

कारखान्यात मात्र एकेक घाणा घालणे परवडत नाही. द्रावक फार लागतो. त्यावरचा तोडगा १९६१ सालीच एका अमेरिकी तेल-तंत्रज्ञान कंपनीने पेटंट केला होता: ‘सिम्युलेटेड मूव्हिंग बेड’. नळ्या वर्तुळात जोडायच्या आणि मिश्रण आत सोडण्याची व माल काढण्याची तोंडे ठरावीक वेळाने प्रवाहाच्या दिशेने सरकवायची. भरण जागचे हलत नाही, पण उलट दिशेने चालल्यासारखे वागते. मिश्रण अखंड आत जाते. एका तोंडातून डावे, दुसऱ्यातून उजवे बाहेर येते. डेन्मार्कच्या लुंडबेक कंपनीने एस्सिटॅलोप्राम या नैराश्यावरील औषधासाठी हीच रीत वापरली.

आईला म्हटले, “औषध तेवढंच आहे, बिनकामाचं काढलंय.” ती म्हणाली, “मग काढलेलं कुठं गेलं?”

प्रश्न कारखान्याचाच होता. काही रेणूंच्या बाबतीत नको असलेला हात पुन्हा मिश्रणात बदलून परत चढवता येतो. ज्यांच्या बाबतीत ते जमत नाही, तिथे एक किलो औषधामागे एक किलो टाकाऊ माल उरतो. त्याचा हिशेब पाकिटावर छापलेला नसतो.