आमच्या बुलेटचं साल कुठलं?

मागच्या दिवाळीनंतर मंडळानं जुन्या वाहनांचं छोटं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. प्रत्येक गाडीपुढे चार ओळींचं कार्ड लावायचं काम माझ्याकडे आलं. एक लॅम्ब्रेटा, दोन जावा, एक राजदूत, काही सायकली. एवढ्यांची कार्डं एका संध्याकाळी लिहून झाली. अडलो तो घरच्याच गाडीपाशी.

आमच्या थोरल्या काकांकडे आजोबांची बुलेट आहे. आजोबांनी ही गाडी ५६ साली घेतली, आणि तीसुद्धा नोव्हेंबरच्या आधी, असं मी लहानपणापासून ऐकत आलोय. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हा ‘नोव्हेंबरच्या आधीची गाडी’ हे वाक्य आमच्या घरात नुसतं गाडीबद्दलचं नाही, हे बेळगावकर वाचकांना सांगायला नको.

आर.सी. बुकात मात्र साल आहे १९६४. आणि नंबर ‘एमवाय’ने सुरू होतो, म्हणजे म्हैसूर राज्याचा.

काकांना विचारलं तर म्हणाले, “ते डुप्लिकेट बुक आहे रे. मूळचं पावसात भिजून लगदा झालं. नवं करताना कारकुनानं घातलं काहीतरी. नंबरही नंतर बदलून घेतला.” दोन्ही गोष्टी अशक्य नाहीत. कागद चुकतात, गाड्यांची फेरनोंदणी होते. मग म्हटलं, कागद बाजूला ठेवू आणि गाडीलाच विचारू. इतिहासाच्या अभ्यासात वस्तू हाही पुरावा असतोच. मडक्याच्या काठावरून शतक सांगतात, तर मोटरसायकलवरून आठ वर्षांचा फरक सांगता येणार नाही का?

नाही येत. म्हणजे बुलेटवरून तरी सहजासहजी येत नाही. हे का, ते शोधताना जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

बुलेट हे नाव १९३२ पासूनचं, इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एन्फील्डचं. आपण ओळखतो तो सांगाडा, मागच्या चाकाला स्विंग आर्म असलेला, १९४९ च्या मॉडेलचा. आपल्या लष्करानं सरहद्दीवरच्या गस्तीसाठी ३५० ची बुलेट निवडली आणि त्यातून १९५५ मध्ये मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांनी मिळून एन्फील्ड इंडिया काढली. सुरुवातीला इंग्लंडहून सुटे भाग यायचे आणि मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला जोडणी व्हायची. १९६२ पर्यंत सगळे भाग इथेच बनायला लागले. तिकडे इंग्लंडमध्ये मॉडेलं बदलत गेली, मग १९७० च्या सुमारास धंदाच बंद पडला. इकडे मद्रासला १९५५ चा नमुना तसाच चालू राहिला. परवाने, परकीय चलनाची टंचाई, वर्षानुवर्षांची वेटिंग लिस्ट. गिऱ्हाईक रांगेत उभं असताना डिझाइन बदलायचं कोणासाठी?

आकडेच बघा. १९४९ च्या ३५० बुलेटचं सिलिंडर ७० मिलिमीटर रुंद आणि पिस्टनची चाल ९० मिलिमीटर, एकूण ३४६ सीसी. २००९-१० च्या सुमारास इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात घातलेलं नवं इंजिन आलं, तरी माप तेच, ७० बाय ९०. ते बदललं थेट २०२० नंतरच्या पिढीत, ७२ बाय ८५.८. जुन्या गाडीची ताकद १८ हॉर्सपॉवर, आजची २०.२. सत्तर वर्षांत दोन घोडे वाढले!

हे फक्त बुलेटचं आहे असंही नाही. इंजिन दोन चाकांच्या मधोमध, खाली बसवायचं, ही मांडणी पॅरिसच्या वेर्नेर बंधूंनी १९०१ मध्ये पक्की केली आणि ती आजवर टिकली. हँडल, साखळी, तारांची चाकं, पुढचे टेलिस्कोपिक फोर्क यांत नंतरच्या माणसांनी सुधारणा केल्या, पण आजोबांना आजच्या गाडीवर बसवलं असतं तर कुठला भाग कशासाठी हे त्यांना विचारावं लागलं नसतं.

चालवता मात्र आली नसती! निदान पहिल्या वळणावर तरी गडबड झाली असती, कारण काकांच्या गाडीचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला आहे. बुलेटनं ही इंग्रजी सवय २००० नंतर सोडली. मी स्वतः पंधरा वर्षं डाव्या गिअरची गाडी चालवल्यावर काकांची घेतली आणि खानापूर रोडवर ब्रेक म्हणून गिअर दाबला. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

आमच्या मिस्त्रींचं गॅरेज उद्यमबागेच्या रस्त्याला आहे. काकांची गाडी तीस-पस्तीस वर्षं तेच बघतात. त्यांना म्हटलं, गाडीचं साल सांगा. ते हसले.

“कुठल्या भागाचं सांगू सर? पिस्टन काढला तर त्याच्यावर चाळीस लिहिलेलं हाय. म्हणजे दोनदा बोअर झालंय. कार्बोरेटर पहिला अमलचा होता, मीच मिकार्ब बसवला. वायरिंग सहा व्होल्टची होती, बारा केली. हेड तर नव्वद सालच्या गाडीचं हाय. बसलं की बरोबर!”

या शेवटच्या तीन शब्दांत आमची सगळी अडचण आहे. नव्वद सालचं हेड साठ सालच्या गाडीवर बसतं, कारण मधल्या काळात फारसं काही हललेलंच नाही. म्हणून या गाड्या मरत नाहीत. म्हणूनच त्यांचं वय सांगता येत नाही. बोल्टसुद्धा इंची. मिस्त्रींच्या पेटीत जुन्या बुलेटसाठी सुतातल्या पान्यांचा वेगळा कप्पा आहे, चार सूत, पाच सूत, आणि बाकी सगळ्या गाड्यांसाठी मिलिमीटरचे पाने. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हे माप शाळेतून कधीच गेलं, गॅरेजात अजून आहे.

मग बदललं काय? मला वाटतं, गाडीचं ज्ञान कोणाकडे असतं, ते बदललं. काकांची गाडी चालू करायची म्हणजे आधी चावी फिरवायची आणि हेडलाइटच्या कवचातल्या अँपिअर मीटरकडे बघत किक हळूहळू दाबायची. काटा एका बाजूला झुकतो. पॉइंट उघडला की मध्यावर येतो. तिथे थांबायचं, डीकॉम्प्रेसर ओढायचा, किक थोडी पुढे न्यायची, सोडायची, आणि मग सगळं वजन टाकून मारायची. चुकलात तर किक उलटी येते आणि घोटा सुजतो. इंजिनच्या आत पिस्टन कुठे आहे हे त्या काट्यावरून पायाला कळायचं. आता बटण दाबायचं. २०२० मध्ये बी.एस. ६ आल्यावर ३५० च्या बुलेटवरून कार्बोरेटर गेला. पेट्रोल किती सोडायचं ते छोटा कॉम्प्युटर ठरवतो. टॅपेटचा आवाज ऐकून मिस्त्री ‘सैल झालंय’ म्हणायचे, तेही काम गेलं. ब्रेक मात्र खरोखर सुधारले. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना ए.बी.एस. सक्तीचं झालं. जुन्या ड्रम ब्रेकवर पावसात चोर्ला घाट उतरलेला माणूस याबद्दल कुरकुर करणार नाही.

इथे जावाचा विषय काढायला हवा, कारण प्रदर्शनात दोन होत्या. म्हैसूरला १९६१ पासून बनणारी जावा, १९७३ नंतरची येझदी, कागदावर बुलेटपेक्षा हुशार गाडी. टू-स्ट्रोक, व्हॉल्व्ह नाहीत, पुशरॉड नाहीत. किकचाच दांडा पुढे वळवला की गिअरचा दांडा. गिअर टाकताना क्लच आपोआप सुटायचा. पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून जाळणाऱ्या इंजिनाला धुराचे नियम आणि १९८५ पासूनच्या शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक जपानी गाड्यांचं मायलेज हे दोन्ही सोसलं नाही. १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. २०१८ मध्ये जावा परत आली ती फोर-स्ट्रोक होऊन. वरचं रूप जुनं, आतलं काहीच जुनं नाही. तर सांगायचं म्हणजे, जावाचं साल सांगणं सोपं पडतं. बुलेटनं आम्हाला रडवलं.

अखेर उत्तर मिळालं ते फोटोतून. आत्याच्या लग्नाचा, मागे शाईनं ‘१९५७’ लिहिलेला. गाडी ५६ ची असल्याचा घरातला मुख्य पुरावा हाच. बुलेटवर आजोबा, हँडलला झेंडूचा हार. मी शंभरदा बघितला असेल. या वेळी स्कॅन करून मोठा केला आणि हेडलाइटवर थांबलो.

बुलेटच्या हेडलाइटभोवती फोर्कसकट मढवलेलं एक कवच असतं आणि दोन बाजूंना दोन बारीक दिवे. लोक त्यांना वाघाचे डोळे म्हणतात. एन्फील्डनं हे कवच १९५४ मध्ये आणलं. मद्रासला १९५५ चा नमुना आला तो कवचासकटच, आणि आजच्या बुलेटवरही ते आहे. काकांच्या गाडीला आहे. फोटोतल्या गाडीला नाही! तिथे साधा गोल दिवा दोन पट्ट्यांवर सुटा बसवलेला आहे. म्हणजे फोटोतली गाडी १९५४ च्या आधीच्या नमुन्याची, आणि काकांच्या अंगणातली ती नव्हे.

काकांना दाखवताना माझे हात थोडे कापत होते, खोटं कशाला सांगू. त्यांनी भिंग घेतलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “हिला किक मारताना बाबांचा पाय मुरगळला होता. मी सात-आठ वर्षांचा. आई म्हणाली होती, विकून टाका. म्हणजे विकली वाटतं.” थोड्या वेळानं, “मग दुसरी आणली ती अगदी तशीच दिसायची. आम्ही पोरं, आम्हाला एकच गाडी.”

मला हे पटतं. आजोबांनी नोव्हेंबरच्या आधी गाडी घेतली, ही आठवण खरी असू शकते. फक्त ती या गाडीची नाही. दोन गाड्या एकमेकींसारख्या होत्या म्हणून घराच्या आठवणीत त्यांची एक झाली. दुसरीचं साल, १९६४, कारकुनानं बहुधा बरोबरच लिहिलं होतं. कार्डावर मी तेच लिहिलं, आणि शेजारी लग्नाचा फोटो ‘आधीची गाडी’ म्हणून लावला. प्रदर्शनाच्या दोन्ही दिवशी काका खुर्ची टाकून शेजारी बसले होते आणि लोकांना आधी फोटोच दाखवत होते.

एक गोष्ट राहिली आहे. फोटोतल्या गाडीच्या पुढच्या मडगार्डवरची नंबरप्लेट नेमकी हाराखाली गेली आहे. मुंबई राज्याचे नंबर ‘बी’ने सुरू व्हायचे. पहिलं अक्षर दिसलं असतं तरी पुरलं असतं. शहापूरमध्ये १९५७ च्या उन्हाळ्यात झालेल्या लग्नाच्या वरातीचा फोटो कोणाच्या घरी असेल, तर कृपया मंडळाला कळवा. आणि जुनं आर.सी. बुक असेल तर ते लॅमिनेट करू नका. मागच्या पानावरच्या शिक्क्यांसकट त्याचा फोटो काढून पाठवा.