एक तार, दोन टोके : डिजिटल कॅमेरा आणि संपादन-सॉफ्टवेअर यांची जोडी कशी जुळली?

१/ कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य संगणकावर उघडावे, कापावे, जोडावे, यात आज कुणालाच नवल वाटत नाही. परंतु कॅमेरा एका कंपनीचा, संगणक दुसरीचा आणि सॉफ्टवेअर तिसरीचे असताना ही तिन्ही एकमेकांची भाषा समजू लागली कशी? आणि ती भाषा बदलली तेव्हा काय घडले? #थ्रेड

२/ व्हीएचएसच्या काळात घरगुती संपादन म्हणजे दोन व्हीसीआर. एकावर मूळ फीत चालवायची, दुसऱ्यावर हवा तेवढा भाग उतरवून घ्यायचा. पोथीच्या नकलेची नक्कल होताना जसे अपपाठ वाढत जातात, तसे प्रत्येक उतरवणीगणिक चित्र फिके आणि धूसर होत जाई.

३/ संगणकावरील संपादन तेव्हाही अस्तित्वात होते. ॲव्हिडची प्रणाली १९८९ मध्ये आली, ॲडोबे प्रीमियर १९९१ मध्ये. अडचण होती ती उंबरठ्यावर. फितीवरील ॲनालॉग चित्र संगणकात आणण्यासाठी वेगळे कॅप्चर कार्ड लागे, आणि उत्तम दर्जाची सामग्री स्टुडिओंनाच परवडे.

४/ हा उंबरठा ओलांडला तो एका करारामुळे. सोनी, मात्सुशिता, जेव्हीसी, फिलिप्स आदी परस्परांच्या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी डिजिटल फितीचे एकच स्वरूप मान्य केले : डीव्ही. १९९५ मध्ये त्याचे कॅमेरे बाजारात आले. सोनीचा व्हीएक्स-१००० हा त्यांतील सर्वांत गाजलेला.

५/ डीव्हीचे गणित साधे होते. चित्राचा प्रवाह सेकंदाला सुमारे २५ मेगाबिट. तासाभराच्या फितीला अंदाजे १३ गिगाबाइट जागा. मुख्य म्हणजे प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे आकुंचित केलेली असे. त्यामुळे सॉफ्टवेअरला कोणत्याही फ्रेमवर कात्री चालवता येई. मागचेपुढचे काही उलगडत बसावे लागत नसे.

६/ दुसरा करार तारेचा. ॲपलच्या पुढाकाराने विकसित झालेले फायरवायर १९९५ मध्ये आयईईई १३९४ या नावाने मानक ठरले. सोनी त्याला आय-लिंक म्हणे. कॅमेऱ्याकडे चार पिनांचे लहान टोक, संगणकाकडे बहुधा सहा पिनांचे मोठे. नावे निराळी, टोके निराळी. आतील बोली मात्र एकच.

७/ या तारेतून केवळ चित्र जात नसे, आज्ञाही जात. ‘चालू’, ‘थांब’, ‘मागे गुंडाळ’ हे संगणक सांगे आणि कॅमेरा ऐके. फितीवरील आकडे जसेच्या तसे संगणकात उतरत. म्हणून उतरवणीत दर्जा घटत नसे. नकलेची नक्कल हा जुना शाप येथे संपला.

८/ सुसंगती ही केवळ तंत्राची बाब नव्हती, याचा पुरावा युरोपात सापडतो. संगणकातून परत फितीवर चित्र घेऊ शकणारा कॅमेरा तेथे ‘व्हिडिओ रेकॉर्डर’ गणला जाई आणि त्यावर अधिक आयात शुल्क बसे. म्हणून तेथील अनेक कॅमेऱ्यांत ही सोय मुद्दाम बंद ठेवलेली असे. तार तीच, जकातीने ती एकमार्गी केली.

९/ आता सॉफ्टवेअर. प्रीमियरचे जनक रँडी उबिलोस पुढे मॅक्रोमीडियात गेले. तेथील त्यांचा अपूर्ण प्रकल्प ॲपलने १९९८ मध्ये विकत घेतला आणि एप्रिल १९९९ मध्ये तो ‘फायनल कट प्रो’ म्हणून अवतरला. किंमत ९९९ डॉलर. डीव्ही आणि फायरवायर हाच त्याचा पाया.

१०/ घरगुती ग्राहकासाठी सोपे सॉफ्टवेअर बनवण्याची ॲपलची विनंती ॲडोबेने नाकारली, असे स्टीव्ह जॉब्ज यांच्या चरित्रात नमूद आहे. मग ॲपलने ते स्वतःच केले. ऑक्टोबर १९९९ मध्ये १,२९९ डॉलरचा आयमॅक डीव्ही आला, सोबत आयमूव्ही. तार जोडताच कॅमेरा ओळखला जाई. तरी एक विसंगती उरलीच : त्या आयमॅकची डिस्क होती १० गिगाबाइटची. म्हणजे तासाची एक अखंड कॅसेटही तिच्यात मावत नसे!

११/ हा सलोखा फार काळ टिकला नाही. २००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिक यांनी एव्हीसीएचडी जाहीर केले. फीत जाऊन डिस्क, मेमरी-कार्ड आले. चित्र हाय-डेफिनिशन झाले. परंतु येथे बहुतेक फ्रेम शेजारच्या फ्रेमच्या आधारानेच उलगडत. साठवणीस ते सोयीचे, संपादनास जड.

१२/ परिणामी, नवा कॅमेरा घेऊन घरी आलेल्या अनेकांचे सॉफ्टवेअर त्या फाइली उघडेचना. २००७ च्या आयमूव्हीने त्या स्वीकारल्या, पण इंटेल प्रोसेसर असलेल्या मॅकवरच. शिवाय आधी दुसऱ्या स्वरूपात रूपांतर करून, ज्यात त्यांचा आकार फुगे. दोहोंमध्ये पुन्हा दुभाष्या आला.

१३/ इतिहासाच्या अभ्यासकाला हे का ठाऊक असावे? कारण त्या काळातील लग्ने, मोर्चे, मुलाखती, गावचे उत्सव असे कितीतरी काही मिनी-डीव्ही फितींवर आहे. या फिती वाचायला चालू स्थितीतला कॅमेरा, फायरवायरची तार, ती घेणारा संगणक आणि ते स्वरूप ओळखणारे सॉफ्टवेअर, असे चारही दुवे लागतात. फायरवायरचा सॉकेट असलेला अखेरचा मॅक २०१६ मध्ये विक्रीतून गेला.

१४/ त्या कॅमेऱ्यांपैकी अनेकांना यूएसबीही असते, पण त्यावर विसंबणे धोक्याचे : त्यातून बहुधा कार्डावरील छायाचित्रे किंवा निकृष्ट चित्रच येते. आणि फीत उतरवताना घाई चालत नाही. तासाच्या फितीला तासच लागतो.

१५/ मोडी लिपीतील कागद शाबूत असूनही वाचणारा नसेल तर तो मुका राहतो. डिजिटल साधनाचेही तसेच. सुसंगती हा कॅमेऱ्याचा किंवा सॉफ्टवेअरचा अंगभूत गुण नव्हे. तो दोन पक्षांतील तह आहे आणि प्रत्येक तहाला मुदत असते. घरच्या कपाटात अशी फीत असेल, तर ती मुदत संपण्यापूर्वी उतरवून घ्यावी.